गाडीला पांघरूण

गाडीलाही पांघरूण घालतात हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळलं. कळलं तेव्हा मी इतकी हसले की कपातला चहा बशीत आला.

"अहो, माणसं आत कुडकुडणार आणि पांघरूण गाडीला? तिला काय हुडहुडी भरते?"

हे, म्हणजे माझा नवरा, हसले नाहीत. ह्यांनी टॅबलेट माझ्यापुढे सरकवला. फोटोत एक पांढरं मोटरहोम होतं आणि त्याच्या तोंडाला चंदेरी रंगाचं जाडजूड कापड बांधलेलं. पुढची मोठी काच झाकलेली, दोन्ही दारांच्या काचा झाकलेल्या, पट्टे आवळलेले. "थर्मल स्क्रीन," हे म्हणाले. "बाहेरून लावायची. काच गार पडत नाही, म्हणून आत पाणी धरत नाही. थंडीत तर नेतातच, पण स्प्रिंगमध्ये न्यावी की नाही ह्यावर लोकांची दोन मतं आहेत."

लोकांची म्हणजे फोरमवरच्या लोकांची. ह्या फोरमवर रिटायर झालेले बाप्ये दिवसभर बसलेले असतात. एकजण विचारतो, मार्चअखेर स्कॉटलंडला निघालोय, स्क्रीन नेऊ का? लगेच सगळे तुटून पडतात. कुणी म्हणतो मी जुलैतसुद्धा नेतो. कुणी म्हणतो वजन वाढतं, डिझेल जास्त जातं. कुणी थर्मामीटरचा फोटो टाकतो. एकानं तर बाहेरची स्क्रीन आणि आतली स्क्रीन ह्यांतला फरक समजावून सांगायला आकृती काढली होती, बाण वगैरे दाखवून. ह्यांतल्या एकाचीही बायको तिथं कधी काही लिहीत नाही. ती बिचारी सामान भरत असणार.

मोटरहोम ह्यांनी रिटायरमेंटला घेतलं. त्याआधी तीस वर्षं हे कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत होते. कौन्सिलच्या घरांतली ओल तपासायचं काम. भिंतीला यंत्र लावायचं, काळी बुरशी कुठून आली ते शोधायचं, आणि राहणाऱ्यांना सांगायचं की स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवा. घरी आले की मलाही तेच. मी कुकर लावला की हे येऊन खिडकी उघडायचे आणि हे वळले की मी बंद करायचे. आमचा निम्मा संसार त्या एका खिडकीवर झालेला आहे.

रिटायर झाल्यावर माणसं टोमॅटो लावतात, नाहीतर वेम्बलीच्या देवळात जाऊन भजनं म्हणतात. ह्यांनी लंडनमध्ये एजवेअरला चांगलं तीन बेडरूमचं घर असताना चाकांवरचं दुसरं घर घेतलं, ज्यात दोघांपैकी एकानं उभं राहायचं तर दुसऱ्यानं बसावं लागतं. आणि सकाळी उठून स्वतःच्या हातानं संडासाची टाकी ओतून यायची. ह्याला म्हणे स्वातंत्र्य. डोंबलाचं स्वातंत्र्य! ज्या कामातून सुटायला आपले लोक इतक्या लांब आले, ते काम ह्यांनी हौसेनं विकत घेतलं.

पण ह्या वेळी मलाच जायचं होतं.

लेक वर स्कॉटलंडमध्ये, इनव्हर्नेसला असते. फेब्रुवारीत तिला मुलगी झाली आणि मी नेमकी तेव्हा खोकत होते. "खोकला पूर्ण गेल्याशिवाय यू आर नॉट कमिंग निअर हर, आई," असं मला फोनवर ऐकवण्यात आलं. बावीस वर्षं जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या रिसेप्शनला बसून मी ज्या आवाजात लोकांना परत पाठवलं, त्याच आवाजात पोटच्या पोरीनं मला घरी बसवलं. खोकला गेला तोवर मार्च संपत आला होता. मग ठरलं की मार्चच्या शेवटच्या रविवारी बारसं करायचं.

आणि त्या बारशाला मला एक वस्तू पोचवायची होती. माझ्या आईनं शिवलेली गोधडी.

आई डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. शेवटच्या वर्षी तिला धड दिसत नव्हतं, तरी खिडकीपाशी बसून तिनं ही गोधडी शिवली, नातीच्या बाळासाठी. नात तेव्हा युनिव्हर्सिटीत होती आणि बाळ कुणाच्या मनातही नव्हतं. मधोमध आईची डाळिंबी इरकल, भोवती तिच्या दोन वायलच्या साड्या, खाली अस्तराला बाबांचं धोतर. आणि एका कोपऱ्यात लेकीच्या पिवळ्या फ्रॉकचा तुकडा, बदकांचा. दोन वर्षांची असताना तिचा तो फ्रॉक डोंबिवलीला राहिला होता, तो आईनं जपून ठेवलेला. "ही तिच्या बाळापर्यंत पोचव," आई म्हणाली. "मी काही तिथवर येत नाही आता." त्यानंतर चार महिन्यांत ती गेली. मी वेळेवर पोचले नाही. विमान उतरलं तेव्हा सगळं आटोपलं होतं.

म्हणून ही गोधडी मला नीट पोचवायची होती. मी स्वतः पोचले नाही, निदान हिनं तरी पोचावं. बारा वर्षं मी ती उशीच्या अभ्र्यात घालून कपाटात ठेवली होती. एकदाही धुतली नव्हती. तिला वेखंडाचा आणि आईच्या डोक्याच्या तेलाचा वास होता, आणि वर्षातून एखाद्या वेळी कपाटात डोकं घालून मी तो घेऊन यायचे. विमानानं गेलो असतो तर ती चेक-इनच्या बॅगेत टाकावी लागली असती. ते मी मेले तरी केलं नसतं. हे म्हणाले, मोटरहोमनं जाऊ, मांडीवर घेऊन बस. मी हो म्हटलं.

आता त्या स्क्रीनचं. ती आली माझ्या नणंदेकडून.

नणंद ईलिंगला राहते आणि तिला जगातलं सगळं आमच्या आधी कळतं. आमच्या आधी मोटरहोम, आमच्या आधी एअर फ्रायर, आमच्या आधी गुडघा बदलून झाला. तिनं नवी स्क्रीन घेतली आणि जुनी आमच्याकडे पाठवून दिली. दोन्ही गाड्यांचं तोंड एकाच मापाचं, त्यामुळे बरोबर बसते म्हणे. वर फोन केला.

"अगं, नाही म्हणू नकोस. स्प्रिंगची थंडी फसवी असते. दिवसा ऊन पडतं आणि रात्री सगळं गोठतं. आम्ही पहिल्या वर्षी नेली नाही तर सकाळी काचेवरून नुसता नळ वाहत होता."

"हो का, वन्सं?" मी म्हटलं.

माझं 'हो का' ज्यांना माहीत आहे ते पुढं बोलत नाहीत. वन्सं बोलत राहिल्या.

ती स्क्रीन गुंडाळली की लोडाएवढी व्हायची. मोटरहोममध्ये लोडाएवढी जागा म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत. पलंगाखाली एकच मोठा कप्पा. त्यात मला कुकर ठेवायचा होता, पोळपाट-लाटणं ठेवायचं होतं, अळिवाच्या लाडवांचा डबा, डिंकाच्या लाडवांचा डबा, बाळंतशोपा, घुगऱ्यांचे हरभरे आणि पाळण्याला बांधायच्या झालरी. लेकीनं कळवलं होतं की ती सकाळी ओट्स खाते. खाऊ दे. बाळंतिणीला ओट्स घालणाऱ्या डॉक्टरांचंही भलं होवो. मी एक अख्खी दुपार वेम्बलीच्या ईलिंग रोडवर हिंडून डिंक शोधला होता, तो काही मी त्या चंदेरी गाठोड्यासाठी घरी ठेवणार नव्हते.

ह्यांनी तक्ता केला. खरंच केला. कागदावर दोन रकाने, एका बाजूला फायदे, एका बाजूला तोटे. कंब्रियाचं रात्रीचं तापमान, इनव्हर्नेसचं रात्रीचं तापमान. रोज नाश्त्याच्या वेळी त्यात भर. तिसऱ्या आठवड्यात माझं डोकं फिरलं.

"हे बघा," मी म्हटलं, "आपण गोधडीच्या देशातली माणसं आहोत. फॉइलमध्ये काय गुंडाळून घेता? सँडविच आहात का? दोन दुलया घेतल्यात, हीटर आहे. तुमच्या बहिणीची ती चादर गाडीत आली तर मी गाडीत येणार नाही."

"बरं," हे म्हणाले.

झालं. ह्यांचं 'बरं' आलं की विषय संपतो. आयुष्यभर मी त्याला जिंकणं समजत आले.

शुक्रवारी सकाळी निघालो. आणि काय ऊन पडलं होतं म्हणून सांगू! मोटरवेच्या कडेला डॅफोडिल्स, शेतात कोकरं. मी स्वेटर काढून ठेवला. "बघा तुमची थंडी," मी म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा म्हटलं. बर्मिंगहॅमच्या पुढं ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा खिडकी खाली करून वारा घेत तिसऱ्यांदा म्हटलं. हे गाडी चालवत होते. गोधडी माझ्या मांडीवर होती.

पहिला मुक्काम कंब्रियात, मोटरहोम लावायच्या एका साइटवर. पोचलो तेव्हा पाच वाजले होते आणि डोंगराची सावली गवतावर उतरली होती. मी दार उघडून खाली पाय ठेवला आणि गपकन वर घेतला. इतकं गार. साइटवर ओळीनं गाड्या उभ्या होत्या आणि सगळ्यांची तोंडं चंदेरी कापडानं बांधलेली. दाढ दुखते म्हणून गाल बांधून बसलेल्या माणसांची रांग वाटली मला. मी ह्यांना तसं म्हटलंही. हे इलेक्ट्रिकची वायर जोडत होते.

तेवढ्यात शेजारच्या गाडीतली गोरी बाई आली. माझ्याच वयाची, हातात बोटभर कुत्रं.

"नो स्क्रीन्स, लव्ह? इट्स गोइंग टू बी अ कोल्ड वन."

ओळख ना देख, लव्ह म्हणणारी माणसं मला मुळातच सहन होत नाहीत. त्यात तिनं आमच्या उघड्या काचेकडे असं पाहिलं, जशी काही आमची घराला पडदे घ्यायची ऐपत नाही. मग तिनं ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांच्या गारठलेल्या हातांकडे, आणि म्हणाली, "यू पुअर थिंग."

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! पुअर थिंग? माझ्या नवऱ्याला मी काय म्हणायचं ते म्हणीन, ही कोण?

"वी हॅव समथिंग बेटर," मी म्हटलं आणि आत गेले.

आत जाऊन मी अभ्र्यातून गोधडी काढली. आता लिहिताना मला माझा हात धरावासा वाटतो. पण तेव्हा मी ती काढली आणि कपड्यांचे चिमटे शोधायला लागले.

हे दारात उभे होते. "अगं, ती नको," हे म्हणाले. "काचेला नको."

"का नको?"

"काच गार पडते. सगळी वाफ तिथंच..."

"तुमचं ओलीचं पुराण पुरे करा हो! कौन्सिल सुटलं तरी भिंती तपासायचं काही सुटत नाही. जन्मभर लोकांच्या घरातली बुरशी बघितली, आता माझ्या आईच्या गोधडीत बघा."

मी गोधडी वरच्या सन-व्हायझरना चिमट्यांनी अडकवली आणि खाली डॅशबोर्डपर्यंत पसरली. पुढची काच पुरी झाकली गेली. इरकलीची बाजू बाहेर ठेवली, त्या बाईला दिसावी म्हणून. तिला दिसली. बाहेरून तिचा आवाज आला, "ओह, दॅट्स ब्यूटिफुल!" मी आतून मान डोलावली. तिला काचेतून मी दिसत नव्हते, तरी डोलावली.

मग मी मुगाची खिचडी लावली. हिंग-मोहरीची फोडणी केली, कुकरच्या तीन शिट्ट्या घेतल्या. सगळीकडे वाफच वाफ. हे उठले आणि छताची खिडकी बोटभर उघडली.

"बंद करा ती," मी म्हटलं. "इथं ऊब धरायचं बघतेय मी."

"बरं," हे म्हणाले आणि बंद केली.

आणि खरं सांगते, मी उत्तम झोपले. गादीसुद्धा नेहमीपेक्षा ऊबदार लागली. झोपताना मी म्हटलं की आता घरी गेल्यावर तुमच्या बहिणीला सांगा, आमच्या आईची गोधडी पुरली. हे माझ्याकडे पाठ करून पडले होते.

सकाळी सातला मी चहासाठी उठले आणि पुढं गेले. दारांच्या काचांवरून पाणी ओघळत होतं. गोधडी पुढच्या काचेला चिकटली होती. ओली म्हणजे दमट नव्हे, पिळली तर पाणी निघेल अशी ओली. खालची कड डॅशबोर्डवरच्या डबक्यात पडली होती. मी चिमटे काढले आणि ती अंगावर घेतली तशी इतकी जड लागली की मी सीटवर बसलेच. पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. ते पाणी लाल होतं.

इरकलीचा रंग सुटला होता. सगळा खाली उतरला होता, वायलच्या साड्यांवर, बाबांच्या धोतरावर आणि त्या कोपऱ्यावर. पिवळा फ्रॉक राहिला नव्हता. बदकं राहिली नव्हती. तिथं एक मळकट लाल डाग होता, बस्स. मी तिला नाक लावलं. वेखंड नाही, तेल नाही. कालच्या फोडणीचा आणि ओल्या कापडाचा वास आला.

"अहो," मी म्हटलं.

हे उठून आले. ह्यांनी काचेकडे पाहिलं, गोधडीकडे पाहिलं, आणि छताची खिडकी उघडली.

मला ती कुठंतरी सपाट पसरायला हवी होती. पलंगाच्या फळ्यांवर पसरू म्हणून मी गादी उचलली. फळ्यांवर आधीच काहीतरी पसरलेलं होतं. चंदेरी. इस्त्री केल्यासारखं नीट, घडी न पाडता, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. पट्टे आत दुमडलेले. वन्संनी कोपऱ्यात मार्करनं आपली खूण केलेली. मी रात्रभर तिच्यावर झोपले होते.

"ही इथं काय करतेय?"

"आणली होती," हे म्हणाले.

"मग काल लावली का नाहीत? निदान बोलायचं तरी!"

ह्यांच्या हातात किटली होती. ती ह्यांनी खाली ठेवली. "बोललो असतो तर तू इनव्हर्नेसपर्यंत बोलत राहिली असतीस," हे म्हणाले. "मला वाटलं, एक रात्र गारठू. पण शांततेत गारठू."

"आणि ही? ही भिजणार हे तुम्हाला कळत नव्हतं?"

"कळत होतं. दमट होईल, वाळवू, असं वाटलं. रंग सुटेल हे डोक्यात आलं नाही." मग म्हणाले, "एकदा नको म्हटलं की मी."

म्हटलं होतं. तीस वर्षं ज्यानं दुसरं काही पाहिलं नाही, फक्त गार भिंतीवर पाणी कसं धरतं तेवढं पाहिलं, तो माणूस माझ्यासमोर उभा राहून नको म्हणाला होता आणि मी त्याला गोधडीत बुरशी बघायला सांगितलं होतं. मला ह्यांचा राग आला. मग वन्संचा आला, त्या बाईचा आला, बोटभर कुत्र्याचाही आला. शेवटी माझ्याशिवाय कुणी उरलं नाही, तेव्हा मी हमसून हमसून रडले. ह्यांनी दार लावून घेतलं, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

तरी तिनं ऐकलंच असणार. ती शेजारची बाई टॉवेल घेऊन आली. माझ्या हातातली गोधडी पाहून तिचा चेहरा उतरला. मी साइटवरच्या ड्रायरकडे निघाले होते, तिनं मला दंडाला धरून थांबवलं. उष्णता लागली तर डाग पक्के होतील, म्हणाली, गार पाण्यात खळबळ, लव्ह, गार पाण्यात. साइटच्या लाँड्रीतल्या मोठ्या सिंकवर आम्ही दोघींनी ती खळबळली. पाणी पाच वेळा लाल झालं, सहाव्यांदा गुलाबी. तिचे हात माझ्याइतकेच बधिर झाले होते. तिच्या त्या लव्हला मी काही म्हटलं नाही.

उरलेल्या प्रवासात मी तोंड उघडलं नाही. गोधडी मागच्या सीटवर पसरली होती आणि हीटर पूर्ण सोडला होता. स्कॉटलंडमध्ये शिरलो तेव्हा हे म्हणाले, "वाळतेय." मी हुं केलं. आईला मी काय सांगणार होते? पोचवली, पण धुऊन पोचवली. तुझा वास साइटवरच्या सिंकमध्ये गेला आणि बदकं बुडाली. कुणाला दाखवायला? एका अनोळखी बाईला, जिचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी इनव्हर्नेसला पोचलो. लेक दारातच उभी होती, बाळाला खांद्यावर घेऊन. सहा आठवड्यांची नात. जावळ भरपूर, कपाळ थेट माझ्या आईचं. मी हात धुतले, पुन्हा धुतले, मग तिला घेतलं. ती जांभई देऊन माझ्या गळ्याशी वळली. दहा मिनिटं मला बाकी काही आठवलं नाही.

मग लेक म्हणाली, "आई, गोधडी? दाखव ना. उद्या हिला त्याच्यावरच झोपवायचंय, फॉर द फोटो." बाळ तिनं परत घेतलं.

ह्यांनी गोधडी आणून सोफ्यावर पसरली. लेकीनं एका हातानं सरळ कोपरा उचलला, बदकांचा. लहानपणी डोंबिवलीचं घर म्हटलं की ती आधी त्या फ्रॉकबद्दल विचारायची. तिनं कोपरा उलटा करून पाहिला. दुसरा पाहिला.

"बदकं कुठे गेले?"

मी तोंड उघडलं. माझ्याआधी हे बोलले.

"माझ्याकडून भिजली गं," हे म्हणाले. "गाडीत काचेवर पाणी धरलं होतं. माझं लक्ष नव्हतं."

लेक ह्यांच्याकडे वळली. डावी भुवई वर गेली. "बाबा!" मग एक श्वास. तो श्वास मला ओळखीचा होता, तो मी घेते, पुढचं नीट लागावं म्हणून. "सिरियसली? एक गोष्ट नीट करता येत नाही तुम्हाला? आयुष्यभर लोकांच्या घरातलं डॅम्प बघितलं, आणि आपल्या घरातलं एक गोधडी सांभाळता नाही आलं?"

शब्द न् शब्द माझा. तिला मी कधी शिकवलं नव्हतं, ती नुसती त्या घरात वाढली होती. तिच्या हातावरचं बाळ तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होतं, आवाज कुठून येतो ते. आणि हे खाली मान घालून उभे होते, चांगला सहा फुटी माणूस, सोफ्याच्या कडेला.

"बरं," हे म्हणाले.

ते 'बरं' मी पहिल्यांदा बाहेरून ऐकलं.

"गप्प बस," मी लेकीला म्हटलं. माझा आवाज चढला, बाळ दचकलं, मी तो खाली आणला. "त्यांनी नाही भिजवली. मी भिजवली. ते नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. एका बाईला दाखवायला मी आईची गोधडी काचेला टांगली."

लेक माझ्याकडे बघत राहिली. मग ह्यांच्याकडे. तिला खरंच काही कळेना.

"मग बाबा असं का म्हणाले?"

हे खिडकीपाशी गेले होते. मी ह्यांच्या पाठीकडे पाहिलं.

"सवय झालीय त्यांना," मी म्हटलं. "मी लावली."